पांढऱ्या पायाची रोवीना

शनिवारी सकाळी रोवीना स्लोननं केळ्याचं पुडिंग करायला घेतलं. हात साखरेत आणि मन विषात, अशी तिची एकूण अवस्था होती. बिस्किटांचा थर, केळ्यांचा थर, वर दाट कस्टर्ड, त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा फेस. तो फेस ओव्हनमध्ये बदामी होईपर्यंत ती समोर उभी राहिली आणि आपल्याला दारात पाहून व्हर्जिलचं तोंड कसं होईल, याचा विचार करत राहिली.

पुडिंग कुणी खावं म्हणून नव्हतंच. केंटकीतल्या कोल्ड फोर्क गावात एक रीत आहे. भांडं घेऊन दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. मग तो पाद्री असो, पाहुणा असो, नाहीतर हाडवैरी. भांडं ठेवायला टेबलावर जागा करायची, हातात बशी द्यायची आणि बस म्हणायचं. रोवीनाला आज फक्त एवढंच हवं होतं, की व्हर्जिलला 'बस' म्हणावं लागावं.

गाव त्या आठवड्यात ठार वेडं झालं होतं. कोल्ड फोर्क कॉलेजची पोरं बास्केटबॉलमध्ये देशातल्या शेवटच्या चार संघांत पोचली होती, आणि असं याआधी कधी घडलं नव्हतं. संघाचं नाव 'खेचरं'. एके काळी इथल्या खाणींतून कोळसा ओढायला खेचरं असायची. खाणी बंद पडल्या, खेचरं मेली, नाव तेवढं राहिलं. आता रस्त्यात भेटलेली शहाणीसुरती माणसं एकमेकांना बघून खिंकाळत होती. एका मुलीनं शनिवारचं लग्न शुक्रवारी उरकून घेतलं, आणि नवऱ्यामुलानं चर्चमध्ये सगळ्यांदेखत तिचे आभार मानले. केंटकीत नवरा-बायकोचं प्रेम याच मापानं मोजतात.

सामना त्याच शनिवारी संध्याकाळी सहाचा. गाठ किनाऱ्यावरच्या एका बड्या विद्यापीठाशी होती, ज्यांच्या संघाचं नाव 'ॲडमिरल्स' आणि ज्यांचा एकेक खेळाडू दाराच्या चौकटीएवढा. ज्यांना तिकिटं मिळाली ते गुरुवारीच शहरात जाऊन बसले होते. उरलेल्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाट बघणं एवढंच काम, आणि ते काम करायची जागा म्हणजे व्हर्जिलच्या घरालगतचं गॅरेज, जिथं गाडीऐवजी टीव्ही आणि खुर्च्या असत.

व्हर्जिल रोवीनाचा थोरला दीर. जन्मभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त. खेचरांचा त्याच्याएवढा भक्त जिल्ह्यात नाही आणि त्याच्याएवढा शकुन-अपशकुन मानणाराही नाही. संघ जिंकत असला तर अंगातला, संघाच्या रंगाचा तपकिरी शर्ट धुवायचा नाही. गॅरेजमधल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. जिंकलेल्या सामन्याला जो जिथं बसला, त्यानं मरेपर्यंत तिथंच बसायचं. खेळ चालू असताना उठायचं नाही. लघवीला लागली तर वेळ थांबवली जाईपर्यंत दम धरायचा. ही सगळी दाढीमिशीवाली माणसं, कुणी सुतार, कुणी बँकेत, पण त्या गॅरेजात शिरली की व्हर्जिल म्हणेल ती पूर्व दिशा.

नऊ वर्षांपूर्वी याच गॅरेजात, शेवटचे काही सेकंद उरले असताना रोवीना उठली होती. ओव्हनमध्ये मक्याचा पाव होता, तो करपल्याचा वास आला. ती उठली, आणि पलीकडच्या संघाच्या एका पोरानं अर्ध्या मैदानावरून चेंडू भिरकावला, तो बास्केटात पडला. खेचरं एका गुणानं हरली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण व्हर्जिलनं कावळ्यालाच फाशी दिलं. "पांढऱ्या पायाची आहे ही," तो तिथल्या तिथं म्हणाला. लोक हसले. पुढच्या वर्षी ती आली तर कुणी हसलं नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी वांडानं, म्हणजे तिच्या जावेनं, फोन करून अवघडल्या आवाजात सांगितलं, की एस्टिलला एकट्यालाच पाठव.

एस्टिल रोवीनाचा नवरा. मऊ माणूस. तो जायला निघाला की दारात थांबून म्हणायचा, "वेडे आहेत गं सगळे. मी मानतो का असलं काही?" आणि जायचा. परत आला की स्वयंपाकघरात बसून पहिल्या मिनिटापासून सगळा खेळ तिला सांगायचा, हातवारे करून, मीठदाणी इकडून तिकडे सरकवत. रोवीनाला तेही गोड वाटायचं. तिचा बाप खेचरांचा खेळाडू होता. ती चालायला लागायच्या आधी मैदानावर गेली होती. तिला वाळीत टाकलं ते तिच्या माहेरातूनच टाकल्यासारखं होतं. पण एस्टिल आपल्या बाजूला आहे, या एका गोष्टीवर तिनं ते पचवलं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, सामना चालू असताना, त्या गॅरेजात एस्टिलला अर्धांगाचा झटका आला. व्हर्जिलचा फोन आला तो सामना संपल्यावर. रोवीना घरच्या सपातांवर धावत गेली तेव्हा एस्टिलचं तोंड वाकडं झालं होतं आणि डोळे तिच्याकडे बघत होते, पण शब्द फुटत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो गेला. व्हर्जिलनं सगळ्यांना सांगितलं, "तो खुर्चीत झोपलाय असंच वाटलं आम्हाला. काही बोलला नाही, काही नाही." मयताला त्यानं डुकराची एक भाजलेली मांडी आणली आणि रोवीनाचा हात धरून म्हणाला, "निदान आपण जिंकलेलं पाहून गेला." तिनं त्या दिवशी ते ऐकून घेतलं.

आणि मग या हिवाळ्यात ओटिस बोलून गेला. ओटिस म्हणजे व्हर्जिलचा शेजारी, तोंडाला झाकण नसलेला माणूस. रोवीनाकडे लाकडं टाकायला आला होता, कॉफी पिता पिता म्हणाला, "शेवटाला पण एस्टिलच्या तोंडी तुझंच नाव होतं बघ." रोवीनानं किटली खाली ठेवली. "कधी?" ओटिस चाचरला. चार मिनिटांचा खेळ उरला होता तेव्हा, म्हणाला. एस्टिलच्या हातातून ग्लास पडला. तो व्हर्जिलला आणि वांडाला काहीतरी म्हणाला. रोवीना हे नाव ऐकू आलं, बाकीचं टीव्हीच्या आवाजात गेलं.

बास्केटबॉलची चार मिनिटं म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची वीस, हे कोल्ड फोर्कमधलं शेंबडं पोरही सांगेल. वीस मिनिटं एस्टिलला बोलता येत होतं. रोवीनाचं घर तिथून पायी सहा-सात मिनिटांवर.

तिनं चर्चबाहेर व्हर्जिलला गाठून विचारलं. तो म्हणाला, "ओटिस बहिरा आहे आणि दारुडा आहे." वांडाला विचारलं, ती डोळे पुसत गाडीत जाऊन बसली. तेव्हा रोवीनानं डूख धरला. नवऱ्याचे शेवटचे शब्द तिचे होते, आणि ते व्हर्जिलनं खिशात घातले होते. ते ती काढून घेणार होती, आणि नुसते घेणार नव्हती, सगळ्या गावादेखत, त्याच्या नरड्यावर गुडघा ठेवून घेणार होती. कसे, ते तिला खेचरं शेवटच्या चारांत गेली त्या रात्री सुचलं. व्हर्जिलनंच तिच्या हातात हत्यार दिलं होतं. ती पांढऱ्या पायाची होती ना?

*

दुपारी दोनला ती पोचली तेव्हा गॅरेजसमोर मोठ्या काळ्या हंड्यात बर्गूचा दाट रस्सा शिजत होता आणि व्हर्जिल लाकडी वल्ह्यानं तो ढवळत होता. कोंबडी, डुकराचं, हरणाचं, त्यात मका, भेंडी, वाल. पहाटेपासून रटरटत होतं. पलीकडे चारपाच जण मक्याच्या दाण्यांच्या पिशव्या फळीतल्या भोकात टाकण्याचा खेळ खेळत एकमेकांची आईबहीण एक करत होते. 

रोवीना दिसली आणि एक पिशवी हवेतून भलतीकडेच गेली.

"पुडिंग आणलंय," रोवीना म्हणाली.

व्हर्जिलचं वल्हं थांबलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. तिचा तपकिरी शर्ट इस्त्री केलेला होता.

"अरे वा," तो म्हणाला. "केळ्याचं? छान. वांडा, घे गं ते. भांडं रिकामं करून देऊ का लगेच?"

"घाई काय आहे? मॅच संपली की नेईन."

"मॅच." व्हर्जिल पुटपुटला. "हो का. इथंच बघणारेस?"

"का? जागा नाही?"

सगळे ऐकत होते. विधवा भावजय, हातात भांडं, डोक्यावर ऊन. व्हर्जिलनं जे म्हणायचं ते शेवटी म्हटलं. "आहे की. बस."

ओटिस हळूच शेजारच्याला म्हणाला, "गेली आपली मॅच." त्याला वाटलं ते हळू होतं.

मग पुढचे चार तास व्हर्जिलनं जे जे उपाय केले ते पाहण्यासारखे होते. आधी त्यानं तिला बर्फ आणायला पाठवलं. ती वीस मिनिटांत दोन पोती बर्फ घेऊन परत आली. मग वांडा म्हणाली, "आत स्वयंपाकघरातला टीव्ही चांगला आहे, आपण दोघी तिथं बसू, इथं या मेल्यांच्या शर्टांचा वास येतो." रोवीना म्हणाली, "मला तो वास आवडतो, एस्टिलच्या शर्टाला यायचा." वांडाचा चेहरा उतरला आणि ती गेली. मग व्हर्जिल स्वतः बर्गूची वाटी घेऊन आला.

"तुझी पाठ दुखते ना गं हल्ली? या खुर्च्या फार कडक आहेत."

"माझी पाठ मस्त आहे. तुझी दुखत असेल. दोन वर्षं ओझं वाहतोयस."

"कसलं ओझं?"

"तुला ठाऊक."

व्हर्जिल वाटी ठेवून वल्ह्याकडे परतला. त्यानंतर त्याचं ढवळणं असं काही चाललं होतं की बर्गूतल्या भेंडीची चटणी झाली असेल.

बाकीची मंडळी वाट बघण्याच्या कामाला लागली. टीव्हीवर सुटाबुटातले माजी खेळाडू दुपारपासून तेच तेच चघळत होते आणि खेचरांचं नाव निघालं की हसत होते. "हसा लेको," कुणीतरी ओरडायचं, आणि सगळे मिळून खिंकाळायचे. पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या पंचानं कुठला फाउल चुकीचा दिला, यावर सुतार आणि बँकवाला यांची जुंपली. "तो पंच मेला तेव्हा मी सुटी घेतली होती," ओटिस म्हणाला. "मयताला?" "छे! मासे पकडायला." रोवीनालाही हसू आलं, आणि लगेच तिला स्वतःचा राग आला. नऊ वर्षांत ती इतक्या माणसांत बसून हसली नव्हती. हे सगळं तिचं होतं. ते तिच्याकडून काढून घेतलं, तेही एका करपलेल्या पावासाठी. तिनं बर्गूचा घास घेतला. चांगला झाला होता, म्हणून आणखीच राग आला.

सहाला पाच कमी असताना सगळे आपापल्या नावाच्या खुर्चीत बसले. रोवीनाच्या नावाची खुर्ची नव्हती. पण पहिल्या रांगेत, व्हर्जिलच्या अगदी शेजारी, एक रिकामी खुर्ची होती. पाठीवर चिकटपट्टी: 'एस्टिल'. बैठकीवर त्याची टोपी. गावात सगळे सांगायचे, व्हर्जिलनं भावाची आठवण कशी जपलीय. रोवीनाला आता त्यातली मेख कळली. त्या दिवशी खेचरं जिंकली होती ना. म्हणजे ती खुर्ची शुभ. भाऊ मेला त्या जागेचा व्हर्जिलनं ताईत केला होता.

तिनं टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि त्या खुर्चीत बसली.

कुणी काय बोलणार? ती त्याची बायको होती.

*

पहिल्या अर्ध्यात खेचरांनी असा खेळ केला की गॅरेजमधल्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. शेजारच्या खोऱ्यातला जेब मलिन्स, उंचीनं एवढासा, त्या चौकटीएवढ्या धटिंगणांच्या काखेखालून निघून जायचा आणि चेंडू हळूच बास्केटात ठेवून यायचा. मध्यंतराला खेचरं अकरा गुणांनी पुढे होती. ओटिसनं तर रोवीनाच्या खांद्यावर थाप मारली. व्हर्जिल मात्र हसत नव्हता. तो तिच्याकडे न बघता बघत होता, जसं माणूस खोलीत शिरलेल्या सापाकडे बघतो.

आणि रोवीनाची खरी पंचाईत ही, की तिला आनंद होत होता. जेबनं बास्केट केली की तिच्या मांडीवरचा हात आपोआप मुठीत वळायचा. बापाची मुलगी होती ती. तिनं दात आवळून स्वतःला बजावलं: हरा, मेल्यांनो, हरा.

दुसऱ्या अर्ध्यात ॲडमिरल्स जागे झाले. अकराचे आठ, आठाचे तीन. जेबच्या मागे त्यांनी दोन-दोन माणसं लावली. खेचरांचा उंच पोरगा पाचवा फाउल होऊन बाहेर बसला आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडायला लागला. चार मिनिटं उरली तेव्हा खेचरं दोन गुणांनी मागे पडली आणि त्यांच्या प्रशिक्षकानं टाइम-आउट मागितला.

टीव्हीवर जाहिरात लागली. गॅरेजमधल्या वीसेक माणसांनी एकदमच रोवीनाकडे पाहिलं.

"रोवीना," व्हर्जिल म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "उठ."

"का?"

"का ते तुला माहितीय. उठ आणि बाहेर जा. मी तुझ्या पाया पडतो. नंतर मला काय हव्या त्या शिव्या दे."

"सगळ्यांना सांग की. मी पांढऱ्या पायाची आहे, म्हण."

"आहेस!" व्हर्जिल ओरडला. "आहेस तू! तुझ्या डोळ्यांसमोर आहे ना? अकरा गुण होते!"

रोवीना टोपी नीट करत खुर्चीत मागे रेलली. या क्षणासाठी तिनं सबंध हिवाळा काढला होता, आणि आता तो हातात आल्यावर तिला एखाद्या गरम शेगडीपाशी बसल्यासारखं बरं वाटत होतं.

"मी उठते," ती म्हणाली. "या मिनिटाला उठते, घरी जाते, पांघरूण ओढून झोपते. पण आधी तू सांगायचं. याच खुर्चीत, एवढाच खेळ उरला होता, तेव्हा एस्टिल तुला काय म्हणाला? झोपला होता म्हणून सांगू नकोस. इथं बसलेल्या अर्ध्यांनी त्याचा आवाज ऐकलाय."

अर्ध्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"आत्ता?" व्हर्जिल म्हणाला. "आत्ता, रोवीना? सामना संपू दे, मग..."

"तेव्हाही हेच म्हणालास ना? सामना संपू दे? जाहिरात संपत आली, व्हर्जिल. माझं काही अडलेलं नाही. मी आहे बसून."

"सांग रे बाबा!" मागून बँकवाला कळवळला. "काय असेल ते सांगून टाक!"

व्हर्जिलच्या कपाळावरची शीर उडत होती. त्यानं वांडाकडे पाहिलं. वांडा दाराला टेकून उभी होती. ती नको नको अशी मान हलवत होती.

"तुझं नाव घेतलं त्यानं," व्हर्जिल म्हणाला.

"पुढं."

"ग्लास पडला. हात बधिर झालाय म्हणाला. मी म्हटलं, रोवीनाला बोलावू का. वांडानं फोन उचलला, नंबर फिरवत होती."

"खोटं. मला फोन आला नाही."

"त्यानं तिचा हात धरला!" व्हर्जिलचे डोळे भरून आले होते, पण तोंड थांबत नव्हतं, दोन वर्षं दाबलेलं एकदम बाहेर पडत होतं. "एस्टिलनं धरला. म्हणाला, 'रोवीनाला नको बोलावू. ती आली की हरू आपण. एवढी चार मिनिटं होऊ दे, मग बोलाव.' हे म्हणाला तो. झालं? हे हवं होतं तुला? तुला कळू नये म्हणून मी दोन वर्षं गावाच्या नजरेत खोटारडा झालोय!"

रोवीनानं वांडाकडे पाहिलं.

"खरंय गं," वांडा रडत म्हणाली. "माझ्या हातात होता फोन. मी ऐकायला नको होतं त्याचं."

खेळ सुरू झाला होता. कुणाचं लक्ष टीव्हीकडे होतं, कुणाचं रोवीनाकडे. 

मी मानतो का असलं काही? दारात उभं राहून म्हणायचा. मीठदाणी सरकवायचा. आणि हात बधिर झालेला असताना, जीव जात असताना, त्या माणसानं आपल्या बायकोला दाराबाहेर ठेवलं, दोन गुणांसाठी. नऊ वर्षं ती व्हर्जिलला शिव्याशाप देत होती, आणि चोर तिच्या घरात, तिच्या उशीवर झोपत होता. तिला वाटलं होतं व्हर्जिलच्या नरड्यावर गुडघा ठेवला की छातीतला दगड निघेल. दगड होता तिथंच होता, वर दुसरा येऊन पडला.

"सांगितलं मी," व्हर्जिल म्हणाला. "आता उठ."

रोवीना शब्दाची पक्की बाई. आजवर तिनं दिलेला शब्द मोडल्याचं कुणी सांगू शकलं नसतं.

"नाही उठत," ती म्हणाली.

"रोवीना!"

"नाही उठत. मारून बाहेर काढायचं असेल तर काढ. त्याला वाटत होतं ना, मी असले की हरतो? मग बघू दे ना त्याला. जिथं असेल तिथून बघू दे." तिचा आवाज चिरकला. "हरा म्हणावं. हरा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हरा."

तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. व्हर्जिल खाली बसला. दोघं शेजारी शेजारी, खांद्याला खांदा, टीव्हीकडे तोंड करून बसले, आणि खेचरं कधी एका गुणानं मागे, कधी बरोबरीत, पुन्हा मागे, अशी ती चार मिनिटं रखडत संपत आली.

शेवटी सेकंद उरले पाच. खेचरं एका गुणानं मागे. जेब मलिन्स चेंडू घेऊन आत घुसला, दोन धटिंगणांच्या मध्ये चिरडला गेला, शिट्टी वाजली. फाउल. दोन फ्री थ्रो, एकेका गुणाचे. पोरगा उठला तेव्हा त्याच्या ओठातून रक्त येत होतं. तो रेषेवर उभा राहिला, चेंडू तीनदा आपटला.

नेम चुकव, रोवीना मनात म्हणाली. चुकव रे बाळा. तुझा काही दोष नाही, पण चुकव. आयुष्यात तिनं खेचरांच्या पोराला असा शाप दिला नव्हता. तिनं तो मनापासून दिला.

चेंडू कड्यावर आदळला, वर उडाला, आत पडला. बरोबरी.

दुसरा कड्याला न शिवता सरळ आत पडला. खेचरं एका गुणानं पुढे.

मग ॲडमिरल्सनी एक चेंडू लांबून भिरकावला तो कुठल्या कुठं गेला, आणि गॅरेजात असा आरडाओरडा उठला की पत्रे थरथरले. खुर्च्या उलटल्या. सुतार आणि बँकवाला एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. ओटिस हंड्याभोवती खिंकाळत पळत होता. कुणीतरी रोवीनाच्या गालाचा मुका घेतला, कुणीतरी ओरडलं, "ही शुभ आहे! अरे, ही तर शुभ निघाली! सोमवारी फायनलला हिला इथंच बसवायचं!" आणि सगळ्यांनी ते उचलून धरलं. नऊ वर्षांचा निकाल त्यांनी एका दमात फिरवला, आणि त्यात काही चुकलंय असं एकाच्याही मनात आलं नाही.

व्हर्जिल उठला नव्हता. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं आणि तो हात मांडीवर ठेवून बसला होता. त्यानं रोवीनाकडे मान वळवली. त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. तिच्या मनात जे आलं तेच त्याच्याही मनात आलंय, हे तिनं ओळखलं.

तिला त्याची कीव करता आली असती. तिनं केली नाही.

"मी इथंच होते, व्हर्जिल," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, गोंगाटात त्यालाच ऐकू जाईल अशी. "सगळा वेळ. हरा म्हणून शाप देत होते. आणि तरी आपण जिंकलो."

व्हर्जिलनं मान खाली घातली.

"म्हणजे तेव्हाही जिंकलोच असतो. मी त्याचा हात धरून बसले असते, तरी. त्याला हे वेड कुणी शिकवलं?"

तो तोंड झाकून रडायला लागला. मोठा माणूस, न धुतलेल्या शर्टातला, खांदे गदगदत. भोवतालच्यांना वाटलं आनंदानं रडतोय. त्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, डोक्यावर बिअर ओतली. वांडा तेवढी दारातून बघत होती.

रोवीनानं त्याचं रडणं बघून घेतलं, पुरतं. मग ती उठली. टेबलावर पुडिंगचं भांडं अर्धं रिकामं झालं होतं. 

"भांडं राहू दे, वांडा," ती म्हणाली. "सोमवारी येतेच आहे. पुढच्या वर्षीही येईन. दर सामन्याला, व्हर्जिलच्या शेजारी."